पाळणेवाल्याची भीती

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. देवावर ज्याची श्रद्धा आहे, त्यानं भ्यावं की भिऊ नये?

सांगा. पुढं बसलेले आजोबा मान हलवतायत — भिऊ नये. बायकांच्या बाजूनंही तेच. मीही तीस वर्षं हेच सांगत आलोय. टाळकरी हसतायत बघा, त्यांना माझं उत्तर पाठ आहे. पण मंडळी, या उत्तरापायी एका दुपारी चव्वेचाळीस माणसं मरता मरता वाचली. त्यात लेकरं होती. आणि ते उत्तर दिलं होतं मी. म्हणून आज प्रश्न तोच विचारतो, पण उत्तराची घाई करत नाही. आधी ऐका.

सुखदेव खरात नावाचा माणूस. तालुक्याच्या गावात वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता. हात चांगला, स्वभाव मात्र भित्रा. एका म्हाताऱ्या पाळणेवाल्यानं धंदा सोडला, तेव्हा त्याचा जुना आकाशपाळणा सुखदेवनं घेतला. आकाशपाळणा म्हणजे आपल्या जत्रेत फिरतो तोच — मोठं चाक, त्याला बारा पाळणे, एकेका पाळण्यात चार माणसं. मधोमध धुरा, म्हणजे चाकाचा आस. सगळा भार त्या धुऱ्यावर. तिकडं सुखदेव इंजिनाशी, इकडं त्याची बायको मथुरा दाराशी. माणसं बसवायची, दांडी लावायची, दांडी लागली का ते ओढून बघायचं, हे तिचं काम.

आता धंदा म्हटला की शिकणं आलंच. पहिल्या वर्षी तो शिकला, जमीन बघितल्याशिवाय खांब रोवायचा नाही. दुसऱ्या वर्षी शिकला, झाडांचे शेंडे हलायला लागले की पाळणा बंद, मग रांग कितीही असो. तिसऱ्या वर्षी एका गावचे मोठे पुढारी जरा झुलतच आले. म्हणाले, आम्हाला बसव. ते जमिनीवरच गोल फिरत होते, त्यांना पाळण्याची गरज काय? मथुरेनं बसवलं नाही. त्या गावानं पुढच्या वर्षी बोलावलं नाही. तेही शिकणंच.

पण मंडळी, एक गोष्ट तो शिकला नाही. बिनघोर राहायला शिकला नाही. रोज सकाळी पाना घेऊन चाकावर चढायचा आणि एकेक नटबोल्ट ठोकून बघायचा. आवळलेला बोल्ट खणखणीत वाजतो, ढिला असेल तर आवाज बसका येतो. सगळे ठोकून झाले की खाली यायचा. भाकरी पुढ्यात घ्यायचा आणि तशीच ठेवायचा. पाळणा फिरायला लागला की पोरं किंचाळतात, हसतात. जत्रा म्हणजे तेच! पण याला किंचाळी ऐकली की घाम. हसून किंचाळलं की घाबरून, हे त्याला कळायचंच नाही. सहा वर्षांत कुणाला ओरखडा आला नाही, आणि सहा वर्षांत या माणसाला एक जत्रा सुखाची गेली नाही.

अशात माझं कीर्तन त्याच्या गावी झालं. संपल्यावर तो माझ्याकडं आला. आजूबाजूला पाचपन्नास माणसं होती. मला म्हणाला, "महाराज, मला भीती वाटते. रोज वाटते. काय करू?"

मी काय म्हणावं? मी म्हणालो, "अरे, जो अवघं ब्रह्मांड फिरवतो, त्याला तुझा एक पाळणा जड आहे का? चिंता त्याच्यावर टाक आणि मोकळा हो."

काय वाक्य! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही ते आवडलं. पुढच्या तीन गावांत मी तेच वाक्य वापरलं. मंडळी, हसू नका. तो काय काम करतो, कशाला भितो, हे मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. पाळणेवाला आहे एवढं शेजारच्यानं सांगितलं, तेवढ्यावर मी ब्रह्मांडापर्यंत गेलो.

सुखदेव सरळ माणूस. त्यानं ते मनावर घेतलं. इंजिनावर देवाची तसबीर बांधली. रोजच्या रोज ठोकणं होतं, ते दिवसाआड झालं. पुढं पुढं तर पाळणा उभा करताना एकदा ठोकायचा, की जत्रा उठेपर्यंत बघायचा नाही. कधी पाना हातात घेतलाच तर त्यालाच वाटायचं, आपली श्रद्धा कमी पडतेय. पाना खाली ठेवायचा. जेवण जायला लागलं. चेहऱ्यावर तेज आलं. मथुरेला आधी बरं वाटलं, हो, नवरा हसतोय म्हटल्यावर कुठल्या बाईला बरं वाटणार नाही? पण दोनेक महिन्यांत तिची नजर सारखी चाकाकडं जायला लागली. तिनं एकदा विचारलं, आज चढला नाहीत? तो म्हणाला, महाराजांनी काय सांगितलं आठवतं ना. महाराजांपुढं बायको काय बोलणार!

मग आली मोहरवाडीची जत्रा, भैरवनाथाची. दुसरा दिवस, टळटळीत दुपार. कुस्त्या बघायला आलेली गावंच्या गावं पाळण्याशी उभी. एक फेरी संपली, एकेक पाळणा खाली येतोय, जुनी माणसं उतरतायत, नवी बसतायत. शेवटच्या पाळण्यातून एक म्हातारी उतरली. बाकीच्या अकरांत नवी माणसं बसून झाली होती. म्हातारी जाता जाता मथुरेला म्हणाली, "बाई, तुझा पाळणा उतरताना उचकी देतो गं."

एवढंच बोलली आणि गर्दीत गेली. नाव नाही, गाव नाही.

मथुरेनं रांगेतल्या पुढच्या माणसाला हातानं अडवलं. तो रिकामा पाळणा रिकामाच ठेवला. सुखदेवजवळ जाऊन हळूच सांगितलं. तो हसला. म्हणाला, जुनं चाक आहे, कुरकुरणारच, देव बघतोय. हात इंजिनाकडं गेला. तेव्हा मथुरेनं त्याचं मनगट धरलं.

"देव बघतोय," ती म्हणाली, "पण चढता येतं तुम्हाला."

मंडळी, तीस वर्षांत माझ्या तोंडून असं वाक्य निघालं नाही.

सुखदेवनं मान वर केली. धुऱ्याकडं बघितलं. चाक एवढंसं ढकललं, आणि त्याला ऐकू आलं. खट्. बसका आवाज. दोन महिन्यांची सगळी भीती एका क्षणात परत आली. वर अकरा पाळण्यांत चव्वेचाळीस माणसं!

आता उतरवायची कशी? एका बाजूची सगळी उतरवली, तर दुसरी बाजू जड होऊन चाक झपकन खाली येतं. म्हणून एक पाळणा रिकामा करायचा, मग अर्धा फेरा देऊन त्याच्या समोरचा. म्हणजे ज्या धुऱ्याची भीती, त्यालाच पुन्हा पुन्हा फिरवायचं. इंजिन लावलं तर हिसका बसणार. त्यानं इंजिन बंद केलं. कुस्तीला आलेले आठ गडी बोलावले. इंजिन बिघडलंय, हातानं फिरवायचंय, असं सगळ्यांना सांगितलं. खरं सांगितलं असतं तर वरची माणसं उभी राहिली असती, आणि मग संपलं होतं. एवढं खोटं भैरवनाथानं पदरात घेतलं असेल.

चाक सरकायला लागलं. खट्. एक पाळणा खाली. मथुरेनं दांडी काढली, चौघं उतरली. अर्धा फेरा. खट्. दुसरा. वरच्या पाळण्यातली दोन तरणी पोरं गंमत म्हणून पाळणा झुलवायला लागली. सुखदेव ओरडला नाही. आवाज चढला तर लोक घाबरतील. खालूनच दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "दादांनो, बसून राहा. हलू नका." त्याचा चेहरा बघून पोरं गार झाली. चार झाले, पाच झाले. दर फेऱ्याला तो आवाज. गडी मोठमोठ्यानं बोलत होते, त्यांना तो ऐकू येत नव्हता. ऐकत होती दोघंच — नवरा आणि बायको. शेवटच्या पाळण्यात एक आई आणि तिच्या तीन मुली. धाकटी मांडीवर झोपलेली. मथुरेनं तिला तशीच झोपेत उचलून घेतलं. आईचा पाय जमिनीला लागला, आणि सुखदेव होता तिथंच खाली बसला.

मग वर चढला. धुरा ज्या बैठकीवर बसतो, ती चार बोल्टांनी आवळलेली असते. एका बोल्टाचं डोकंच तुटून गेलेलं. दुसऱ्याचा पत्ता नाही. उरलेल्या दोघांचे नट शेवटच्या आट्यावर आलेले. त्यातला एक त्यानं पान्यानं धरायच्या आधी बोटानं फिरवून बघितला. फिरला.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष आले. म्हणाले, चार बोल्ट बदल आणि सुरू कर, उद्या मोठा दिवस आहे. सुखदेव म्हणाला, धुरा उतरवून बघितल्याशिवाय रिकामासुद्धा फिरवणार नाही. ते चिडले. पुढच्या वर्षी येऊ नकोस म्हणाले. तिसऱ्या दिवशी सगळी जत्रा भरलेली आणि हा चाक उतरवत बसलेला. येणारे जाणारे हसत होते.

आठवड्यानं तो माझ्या घरी आला. मथुरा बरोबर. सगळं सांगितलं, अगदी खालच्या आवाजात. मला दोष दिला नाही. उलट म्हणाला, "महाराज, तुमचं सांगणं मीच चुकीचं समजलो असेन."

मंडळी, शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "नाही सुखदेवा. तू बरोबर समजलास. मी चुकीचं सांगितलं."

मग त्यानं विचारलं, भीती जाईल का कधी? मी मथुरेकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. या खेपेला मी ब्रह्मांडात गेलो नाही. म्हणालो, पाळणा फिरतोय तोवर जाणार नाही. जाऊ देऊ नकोस.

त्याला या धंद्यात सातवं वर्ष आहे आता. रोज चढतो. भीती आहेच. फरक म्हणाल तर एवढाच, की अर्धी भाकरी खाल्ल्याशिवाय मथुरा त्याला इंजिनाला हात लावू देत नाही.

तर मंडळी, भ्यावं की भिऊ नये? स्वतःसाठी भिऊ नये, खुशाल देवावर टाका. पण दुसऱ्याचं लेकरू तुमच्या हातात बसलंय, तेव्हा भ्या! लोक म्हणतात, काळजी करू नका, काळजी घ्या. न करता घेता येते का हो? शाळेची गाडी चालवणारे इथं बसलेत, त्या ब्रेकला देवानं हात लावून बघायचा का? औषधाचं दुकान आहे कुणाचं, त्यानं डबीवरची तारीख आज वाचली का? आज पंगतीला खीर आहे. दूध सकाळपासून उन्हात आहे, कुणी चाखून बघितलं? — बघा, आचारी उठले. जा बाबा, जा, कीर्तन राहू दे. ते उठणं हीच पूजा.

आणि मी? माझ्या शब्दावर विसंबून तुमच्यातलं कोण कुठं चढतं, मला दिसत नाही. म्हणून आज इथं उभा राहताना माझे पाय कापत होते. तीस वर्षांत पहिल्यांदा. देवा, ते असेच कापू दे.

बोला मंडळी, धाक देणाऱ्या आणि धीर देणाऱ्या त्या एकाच देवाचा जयजयकार!