उघड्या दाढेवर झालेल्या भांडणाबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (पाणीपुरवठा कार्यालय, तक्रार खिडकी), पत्ता वेगळा लिहून दिला आहे, विचारल्यावरून समक्ष सांगते की, मी पती व सासूबाई यांच्यासह राहते. माझे धाकटे दीर दंतवैद्य असून त्यांचा दवाखाना आमच्याच इमारतीत तळमजल्यावर आहे. घरात त्यांना सगळे, त्यांची आईसुद्धा, 'डॉक्टर' म्हणतात. मी भावजी म्हणते. जबाब देतेवेळी माझा खालचा ओठ व जीभ उजव्या बाजूने बधिर आहे, त्यामुळे काही शब्द दोनदा सांगावे लागत आहेत. लिहून घेणारे साहेब त्यावर वैतागले. पण आज वैतागायचा पहिला हक्क माझा आहे.

भावजींनी दोन वर्षांपूर्वी माझ्या खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनाल केले, म्हणजे मुळांमधल्या नळ्या साफ करून बुजवल्या व वर कॅप बसवली. घरचेच काम, त्यामुळे बिल नाही, आणि बिल नाही त्यामुळे बोलायची सोय नाही. कॅप बसल्यापासून त्या बाजूने चावता येत नव्हते. पुढे दाढेखाली हिरडीवर पुटकुळी येऊ लागली. ती फुटे, तोंड कडू होई, बरे वाटे, आणि पुन्हा येई. मी भावजींना जिन्यात गाठून सांगत असे. ते म्हणत, "बसेल हो वहिनी, किती मनाला लावून घेता!" आणि गोळ्या देत. गोळ्यांनी पोट बिघडले. दाढ होती तशीच राहिली.

घरात प्रत्येकाचे मत होते. सासूबाई म्हणाल्या, "उपटून टाक. माझ्या तोंडात एकही नाही, माझं काय अडलं?" त्यांचे सगळे मऊ करून मीच ताटात वाढते, म्हणून अडत नाही, हे मी बोलले नाही. पती म्हणाले, "दुसरीकडे दाखव, पण त्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस. त्याला वाईट वाटेल." नणंदेने फोनवर तिच्या शेजारणीच्या नव्या दाताचे इतके कौतुक केले की मी फोन टेबलावर ठेवून भांडी घासली, तरी तिचे संपले नव्हते. दुखत होते मला एकटीला.

शेवटी गेल्या आठवड्यात मी चष्म्याचा नंबर तपासायला जाते असे सांगून फक्त मुळांचेच काम करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी फोटो काढला आणि मला खुर्ची ओढून बाजूला बसवून तो दाखवला. मागच्या मुळात दोन नळ्या आहेत, त्यातली एक कोणी उघडलेलीच नाही, जंतू तिथे आहेत, असे त्या म्हणाल्या. कोणी केले होते हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी मला मार्ग सांगितले. पहिला, कॅप काढून जुने भरलेले बाहेर काढायचे, राहिलेली नळी शोधायची, सगळे साफ करून पुन्हा बंद करायचे. तेवढ्याने भागले नाही तर हिरडी उघडून मुळाचे टोक कापायचे. आणि मुळाला उभी भेग निघाली तर मात्र दाढ काढायची. मग शेजारच्या दोन दातांच्या आधाराने पूल बसवायचा, किंवा हाडात स्क्रू घालून नवा दात. मी विचारले, "तुमची असती तर काय केलं असतं?" त्या म्हणाल्या, "भेग दिसत नाहीये. मी आधी वाचवायला बघितलं असतं. खात्री देत नाही, पण ठरवायचं तुम्ही." या दाढेबाबत 'तुम्ही ठरवा' असे मला आजवर कोणी म्हटले नव्हते. मला रडू आले. त्यांना वाटले दुखतेय. मी म्हटले, वाचवा.

आज सकाळी मी फक्त पतींना खरे काय ते व पत्ता सांगून ठरल्याप्रमाणे गेले. इंजेक्शन दिले, कॅप काढली. दाढेला चिमटा लावून तोंडावर रबराचा पडदा ताणला. त्यातून तेवढी एक दाढ बाहेर राहते, माणूस आत राहतो. बोलता येत नाही म्हणून बाईंनी सांगितले होते की दुखले तर डावा हात वर करा. राहिलेली नळी सापडली, असे त्या म्हणाल्या, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा ऐकू आला.

भावजींना कसे कळले, असे साहेबांनी विचारले. माझ्या पतींनी फोन केला. ते म्हणतात, बाहेरून कळण्यापेक्षा आपल्याच तोंडून कळलेले बरे. "तू वाईट वाटून घेऊ नकोस, ती नुसती दाखवायला गेलीय," असे सांगून त्यांनी दवाखान्याचा पत्ताही दिला. ज्याच्या कानावर जाऊ द्यायचे नव्हते त्याला त्यांनी स्वतः फोन लावून समजूत घातली. यावर मी काय बोलू? साहेबांनी हे वाक्य लिहू का विचारले. लिहा.

भावजी मदतनीस मुलीला बाजूला ढकलून आत आले. ते म्हणाले, "हे माझं पेशंट आहे. मला न विचारता कॅप काढलीच कशी?" बाई म्हणाल्या, "सर, काम अर्धवट आहे, बाहेर बसा, मी सगळं दाखवते." ते म्हणाले, "नळीबिळी काही नाही. कामं मिळवायची ही नवी पद्धत आहे." बाईंनी संगणकावरचा फोटो दाखवला. भावजी फोटोकडे पाहत राहिले. त्यांना नळी दिसली, हे मला त्यांच्या मानेवरून कळले. वीस वर्षे मी ती मान पाहते आहे. कॅरममध्ये हरले तरी अशीच ताठ होते. मग ते म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला? ही दाढ गेलेली आहे. मी काढतो, नवीन बसवून देतो, विषय संपला." हे ते बाईंना सांगत होते. मी त्या दोघांच्या मधोमध, आ वासून, दिव्याखाली आडवी होते.

मी डावा हात वर केला. बाई बोलायच्या थांबल्या व माझ्याकडे वळल्या. भावजी थांबले नाहीत. "वहिनी, उठा, चला घरी," असे म्हणून त्यांनी मधला ट्रे ओढला. तो खाली पडला. नळ्या धुवायचे औषध मदतनीस मुलीच्या हातावर उडाले. तिने हात नळाखाली धरला. इजा नाही, पण ती घाबरून रडत होती. बाईंनी भावजींना अंगावर घेतले नाही की शिवी दिली नाही. त्यांनी आधी माझ्या दाढेत औषध लावून ती तात्पुरती बुजवली, पडदा काढला आणि मग पोलिसांना फोन केला. हे सर्व मी डोळ्यांनी पाहिले. मी काय बोलले, तर काही नाही. बोलता येण्याजोगे माझ्याकडे काही ठेवलेले नव्हते.

आम्हाला येथे आणल्यावर पती आले. बाहेरच्या बाकावर त्यांचे, भावजींचे व बाईंचे बोलणे झाले. मी आत पाणी प्यायला गेले होते. निम्मे पाणी ओठावरून पदरावर सांडले. परत आले तेव्हा पती हसतमुख होते. म्हणाले, "मिटलं सगळं. तो मुलीची माफी मागेल, बाई तक्रार मागे घेतील." मी विचारले, "आणि दाढ?" ते म्हणाले, "दाढ आपला डॉक्टर काढून देईल ना. त्याचा मान राहील, तुझाही त्रास जाईल." मी बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही हो म्हणालात. यांनी तसंच सांगितलं."

मी कोणालाही हो म्हणालेले नाही. मी दिवसभर खिडकीवर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेते. पाणी न येताच 'पुरवठा सुरळीत, तक्रार निकाली' असा शेरा कसा मारतात, हे मला कोणी शिकवायला नको. मदतनीस मुलीची माफी भावजींनी मागावी. ती घ्यायची की नाही हे तिने ठरवावे. त्यांना अटक व्हावी अशी माझी इच्छा नाही. ते वाईट माणूस नाहीत, माझ्या बाळंतपणात अपरात्री त्यांनीच गाडी काढली होती. पण त्यांचा मान राहावा म्हणून माझ्या तोंडातली दाढ काढून द्यायची, ही तडजोड मला मान्य नाही. वाचली तर ठेवीन. नाही वाचली, तर काढायची ते मी सांगेन, आणि कोणाकडून तेही मीच सांगेन.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. शेवटी 'कुटुंबात सामोपचाराने वाद मिटला आहे' असे एक वाक्य होते. ते मी सांगितलेले नव्हते. पती दारातून सांगत होते. ते खोडून घेतले. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करून मी येथून बाईंबरोबर त्यांच्या दवाखान्यात जात आहे. पती बाहेर विचारत आहेत की घरी काय सांगू. त्यांना सांगावे की मी दाढ वाचवायला गेले आहे, आणि हे सर्वांच्या कानावर घालावे.