मागच्या रांगेने आवाज काढायचा नाही

आई : घशाच्या डॉक्टरकडे नेलं मी पोरीला, बाई! कामावरून रजा टाकून! "वाचून दाखव" म्हटलं की ही नुसते ओठ हलवते, आवाजच फुटत नाही. मला वाटलं, घशात काही वाढलंबिढलंय. डॉक्टर म्हणाला, घसा ठणठणीत आहे. आणि ही खाली मान घालून सांगते, "बाईंनीच सांगितलंय, मागच्या रांगेने आवाज काढायचा नाही."

बाई : आधी बसा. आणि जरा हळू. शाळा सुटलीय, पण मोठे सर शेजारीच आहेत, ऑफिसात.

आई : असू देत. दिवसभर लॉन्ड्रीत मशिनच्या वर आवाज काढून बोलते मी. हळू मला जमत नाही. सांगितलंत की नाही, तेवढं बोला.

बाई : पाहुणे येणार होते, इंग्रजीचं वाचन ऐकायला. तेव्हा सांगितलं. सगळ्या वर्गाने एका सुरात वाचायचं असतं. मागची मुलं अडखळतात, मग सूर मोडतो...

आई : पाहुणे चहा पिऊन गेले ना? मग पोरांचा आवाज परत द्यायला विसरलात होय?

बाई : पुढे तीच सवय पडली. त्यांनाही, मलाही.

आई : सवय! घरी आम्ही हिला भोंगा म्हणतो, ठाऊक आहे तुम्हाला? शेजारीण भिंतीवर थापा मारते, इतकी बडबड. तो भोंगा तुम्ही बंद पाडलात. आणि वर तुम्हीच म्हणता, हिला वाचता येत नाही, पुढच्या वर्षी परत बालवर्गात बसवा!

बाई : ते मोठे सर ठरवतात. मी फक्त नाव दिलं.

आई : फक्त!

बाई : हो, फक्त! वर्गात साठ मुलं कोंबलीत. रोज एक पान संपलंच पाहिजे. नाही संपलं तर सरांच्या टेबलासमोर मी उभी राहते, तुमची पोरगी नाही. कुणाकुणाजवळ बसू मी?

आई : हिच्याजवळ बसलात कधी? एकदा तरी?

(बाई पर्स उचलतात. आई पोरीच्या दप्तरातून पुस्तक काढून उघडते.)

आई : भोंगा, इकडे ये. या पानावर काय आहे गं?

भोंगा : धडा.

आई : कशाचा?

भोंगा : इंग्रजीचा.

आई : घ्या! एवढी थोरली कोंबडी अंड्यांवर बसलीय चित्रात, आणि पोरगी म्हणते इंग्रजीचा. यात काय लिहिलंय ते कुणी सांगितलं का हिला कधी?

बाई : वर्गात आपली भाषा बोलायची नाही. पाटी आहे ना दारावर. ती मी नाही लावली.

आई : नसेल लावली, पाळता तर तुम्हीच! आता शाळा सुटलीय. आता सांगा. मी इथून हलत नाही. दिवे बंद करून जा खुशाल.

बाई : अहो, माझी बस जाईल.

आई : माझी केव्हाच गेली.

बाई : ...बरं. सरक गं जरा, बसू दे मला. ही बघ, हेन. म्हणजे कोंबडी. ती अंड्यांवर का बसलीय?

भोंगा : आपल्या भाषेत सांगू? रागवणार नाही ना?

बाई : नाही. सांग.

भोंगा : ऊब द्यायला. ती फार वेळ उठली ना, तर अंडी गार पडतात आणि पिल्लं आतल्या आत मरतात. मावशीकडे तशीच मेली. मी इतकी रडले, आईला विचारा. बाई, ही उठते का हो पुढे?

बाई : तूच वाच आणि मला सांग. हं, या ओळीपासून.

आई : बघितलंत? ओठ. नुसते ओठ!

बाई : दिसतंय मला! तुम्ही आता एक अक्षर बोलू नका. भोंगा, आवाज काढ बाळा.

भोंगा : चुकलं तर?

बाई : चुकू दे. मी बसलेय इथे.

भोंगा : केवढ्याने वाचू?

बाई : घरी ओरडतेस तेवढ्याने.

भोंगा : मग आधी खिडकी लावून येऊ, बाई? मोठ्या सरांना ऐकू जाईल.

बाई : नको. उघडीच राहू दे.