शेवटच्या गाडीचा दिवा

(पुणे–नाशिक रस्ता, चंदनापुरी घाटाच्या अलीकडे. फेब्रुवारी १९८५. ऊन उतरलेलं. रस्त्याच्या कडेला एक राजदूत मोटारसायकल बंद पडलेली. तिच्यामागे नुकतीच येऊन थांबलेली जुनी जावा.)

गोरक्ष : …म्हणजे तू पुण्याला आला होतास? रेसला?

झुंबर : आधी गाडी मेन स्टँडवर घे. चेन तुटलीये ना?

देवराम : लांबून कसं वळखलं रे?

झुंबर : लांबून नाही. शुक्रवारीच ओळखलं होतं. चेनलॉक झिजलंय, म्हणालो होतो. नवं शनिवारी संध्याकाळी दुकानात येणार, रविवारी पहाटे निघताना बसवतो, म्हणालो होतो. आठवतंय का, गोरक्ष?

गोरक्ष : आठवतंय.

झुंबर : आणि तरी शनिवारी दुपारीच निघालास. देवराम, हे चेनकव्हरचे बोल्ट धर. हरवू नको.

देवराम : निवृत्ती त्याची गाडी घेऊन तिकडं संगमनेरला मेस्तरी हुडकत फिरतोय. मी ह्याला म्हनलं, जरा थांब, मागून दिवा येतोय. उजेडात दिवा लावून कोन येनार? झुंबरच असनार. तर ह्यो म्हनतो, शक्यच नाय.

गोरक्ष : झुंबर, आधी माझं ऐकून घे. अरे, प्लॅन ऐनवेळी बदलला. तुझ्याकडे माणूस पाठवला होता मी.

झुंबर : कोण?

गोरक्ष : आपल्या कंपनीतलाच एक जण.

झुंबर : नाव?

देवराम : आरे, पन तू तर आमाला म्हनला व्हता, ह्याला ताप आलाय!

गोरक्ष : देवराम, तू जरा गप्प बस.

देवराम : गप कसा बसू? मी म्हनलं, जाता जाता बघून येऊ. तर म्हनला, नको, झोपलाय, उठवू नको. मी तं कालपासनं हळहळतोय, का बाबा तिकीट काढलं आन बिचारा तापानी फनफनला!

झुंबर : त्याला बोलू दे. त्यालाही फसवलंस, हे तरी कळलं मला. देवराम, मला ताप आला नव्हता.

देवराम : ते दिसतंयच.

झुंबर : पावणेपाचला द्वारका चौकात येऊन थांबलो होतो. ठरलं होतं तसं. टपरीवाल्यानं अजून शेगडीसुद्धा पेटवली नव्हती. पाना, प्लग, क्लचवायर, हे चेनलॉक, सगळं पिशवीत. साडेपाच झाले, सहा झाले. मला वाटलं, येता येता कोणीतरी पडलं. खरं सांगतो, दोनदा रस्त्यानं पुढेपर्यंत बघून आलो. तुला काही झालं असेल म्हणून.

गोरक्ष : झुंबर…

झुंबर : मग गंगापूर रोडला तुझ्या घरी गेलो. काकू दारात रांगोळी काढत होत्या. मला बघून उठल्याच. म्हणाल्या, अरे, असा कसा बाहेर पडलास? ताप उतरला का?

गोरक्ष : आईला मी…

झुंबर : मला क्षणभर काही कळेना. मग सगळंच कळलं. मी काय म्हणालो असेन, सांग.

गोरक्ष : काय म्हणालास?

झुंबर : उतरला म्हणालो, काकू. आता बरं आहे. दुसरं काय म्हणणार? तुझा मुलगा खोटं बोलला, असं त्या माउलीला सांगू? त्यांनी मला ओट्यावर बसवून काढा पाजला. गवती चहा, सुंठ, कडूजहर. तुझ्या तापावर काढा प्यालोय मी आज. चेन इकडे ओढ. आणखी. हां, तशीच धर.

देवराम : काढा पेला? आन तसाच पुन्याला आला?

झुंबर : येणारच नव्हतो. सिन्नरच्या फाट्यापर्यंत नुसताच गेलो. परत फिरू, फिरू म्हणत पुढे गेलो. वाटलं, कदाचित काही कारण असेल. मला बघितल्यावर धावत येईल, सांगेल.

गोरक्ष : तू आम्हाला तिथे बघितलंस?

झुंबर : तिकीट तुझ्याकडे होतं. मी बाहेर, वळणावरच्या तारेपाशी उभा होतो. तोंडात सगळी माती. तुम्ही समोर, सावलीत. ती तिसऱ्या फेरीत पिवळ्या शर्टवाल्याची गाडी उडी मारून आडवी झाली ना, तेव्हा तू ओरडत उठलास. कोणी पडलं की तू माझ्या पाठीत गुद्दा घालतोस. दर वेळी. आज दुसऱ्याच्या पाठीत घातलास. कोण होता तो?

गोरक्ष : मेव्हणा. म्हणजे, होणारा.

झुंबर : माझ्या तिकिटावर.

गोरक्ष : हो.

झुंबर : बरा आहे का मुलगा?

गोरक्ष : झुंबर, असं नको बोलूस रे. शिव्या दे, दोन ठेवून दे हवं तर.

झुंबर : पक्कड दे. ती नाही, छोटी.

देवराम : मला येक सांगा. मला कायपन कळंना. ह्याला न्यायचं नव्हतं तं शुकरवारी दोन्ही गाड्यांचं टायमिंग कशापायी करून घेतलं ह्याच्याकडून? दोन तास आडवा पडून व्हता ह्यो जमिनीवर.

झुंबर : हेच विचारायचं होतं मला. म्हणून थांबलो. तेव्हा तुझं ठरलं होतं का, गोरक्ष? मी खाली पडून तुझं इंजिन ऐकत होतो, तू वर उभा राहून मला चहा देत होतास, तेव्हा ठरलं होतं?

गोरक्ष : ठरलं होतं.

झुंबर : कधी?

गोरक्ष : गुरुवारी. सासऱ्यांचं पत्र आलं. पुण्याला जाताय तर शनिवारी मुक्कामाला नारायणगावला या, मित्रांना घेऊन या. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच बोलावलं त्यांनी. नाही कसं म्हणणार?

झुंबर : मग?

गोरक्ष : मग मला वाटलं… जुनी माणसं आहेत रे. घरात म्हातारे आजोबा आहेत. जेवायला बसल्यावर कोणीतरी आडनाव विचारणारच. गाव विचारणार. मग एखादा शब्द गेला असता कोणाच्या तोंडून. तुझा अपमान झाला असता, तोही माझ्यासमोर. मला ते सहन झालं नसतं.

झुंबर : म्हणून तो तूच करून मोकळा झालास.

गोरक्ष : तसं नाही…

झुंबर : तसंच आहे. आम्ही बौद्ध आहोत, हे नऊ वर्षांत तुला गुरुवारी आठवलं. दर सुट्टीला आमच्या कॉलनीत येतोस. माझ्या आईला मावशी म्हणतोस. तिच्या हातचा ठेचा तिच्याच ताटातून उचलून खातोस. तेव्हा तुला आडनावं आठवत नाहीत.

गोरक्ष : तुझं घर म्हणजे माझंच घर आहे, झुंबर. हे तुला माहितीये.

झुंबर : हो. आणि तुझ्या घरी मला ताप येतो.

देवराम : पन गोरक्ष, तिथं तं तसं कायच नव्हतं.

गोरक्ष : देवराम, पुरे.

देवराम : आता नाय पुरे. झुंबर, मी सांगतो तुला. सुमनबाईंनी, म्हंजी ह्याच्या सासूनं, पाहुन्यांची चार ताटं मांडली व्हती. आमी तिघं बसलो. तं त्या हातात वाटी घेऊन बाहेर बघत राह्यल्या. म्हनल्या, ते झुंबर कुठं राह्यले? गाड्यांचं समदं बघतात ते? लेकीनं सांगितलं व्हतं म्हनं त्यांना.

झुंबर : तुझ्या पत्रांत असायचो वाटतं मी.

गोरक्ष : असायचास. प्रत्येक पत्रात.

झुंबर : आडनावासकट?

गोरक्ष : आडनावासकट. तिनं घरी सगळं वाचून दाखवलं होतं. मला तिथे जाऊन कळलं.

देवराम : मंग ते ताट उचललं त्यांनी. मला लय वाईट वाटलं. मला काय म्हाईत, ताप खोटा हाय!

झुंबर : म्हणजे त्यांनी विचारलंच नाही. तूच विचारलंस आणि तूच उत्तर दिलंस.

गोरक्ष : रात्रभर डोळा लागला नाही माझा. खरंच सांगतो. कूस बदलत पडलो होतो.

झुंबर : नारायणगावहून नाशिक किती लांब?

गोरक्ष : तीन तास.

झुंबर : रात्रभर जागाच होतास तर निघायचं होतंस. पहाटे द्वारकेला मी उभाच होतो. त्यांच्याकडे वेगळं ताट असतं, नाहीतर सगळ्यांबरोबरचं असतं. मला नाही माहीत. तुलाही नव्हतं माहीत. मी गेलो असतो, बघितलं असतं. पटलं नसतं तर उठून आलो असतो. पटलं असतं तर पोटभर जेवलो असतो आणि तुझ्या सासूला म्हणालो असतो, जावई आळशी आहे, गाडी पुसत नाही. ते मी ठरवायचं होतं. मला फार लागलंय, गोरक्ष. परक्यांचं मी आजवर पुष्कळ ऐकलंय, त्याला काय उत्तर द्यायचं ते मला येतं. तुला काय द्यायचं, ते सकाळपासून सुचत नाहीये.

गोरक्ष : चुकलो मी.

झुंबर : चेन बसली. आता कव्हर. देवराम, बोल्ट.

देवराम : हे घे. तीनच हायेत बघ.

झुंबर : चौथा तुझ्या बुटाखाली आहे.

देवराम : आरे हो की. झुंबर, खायला काय हाय का रे तुझ्याकडं? दुपारपासून पोटात कावळे वरडतायत.

झुंबर : जावाला पिशवी अडकवलीये. आईनं रात्रीच चौघांच्या भाकरी थापून ठेवल्या होत्या. ठेचा आहे, कांदा आहे. मला एकट्याला गेलं नाही.

देवराम : तुझी आई, लताबाई, म्हंजी देवमानूस. गोरक्ष, धर. आर्धी घे.

गोरक्ष : नको. मला नको.

झुंबर : घे रे. आमच्याकडे आडनाव विचारत नाहीत.

गोरक्ष : माझी निवृत्तीला ठेव, देवराम.

झुंबर : तुझी मर्जी.

देवराम : मला ते कसाऱ्याचं आठवतंय. निवृत्ती पंक्चर होऊन मागं राह्यला आन आपल्याला इगतपुरी येईस्तवर पत्ताच नाय! दोन तास येकटा बसला व्हता गडी, रडकुंडीला आला व्हता. तवा तूच नियम केला व्हता, गोरक्ष. शेवटच्या गाडीनं दिवसासुदिक दिवा लावायचा. पुढच्यानं आरशात बघत ऱ्हायचं. दिवा दिसंना झाला की समद्यांनी थांबायचं.

झुंबर : आणि शेवटी मी. पाने माझ्याकडे म्हणून.

देवराम : म्हनून तं मघाशी वळखलं मी. येकटाच व्हता तरी दिवा लावून आला.

झुंबर : सवय. पुढे कोणी नाही, हे हाताला कळत नाही. गोरक्ष, काल तू आरशात बघितलंस का?

गोरक्ष : बघितलं.

झुंबर : काय दिसलं?

गोरक्ष : निवृत्तीची गाडी.

झुंबर : दिवा?

गोरक्ष : नव्हता. तरी डोळे तिकडेच जायचे. सिन्नरपर्यंत बघत होतो, झुंबर. शप्पथ.

झुंबर : आणि सिन्नरनंतर?

गोरक्ष : मग नाही बघितलं.

झुंबर : हां. खरं बोललास. आजचं पहिलं. किक मार.

देवराम : सुरू झाली! बघ कशी गोड वाजतीये.

झुंबर : घाटात गिअर खाली ठेव, झटका देऊ नको. संगमनेरला निवृत्तीला गाठ, तो बिचारा मेस्तरी घेऊन निघायचा.

गोरक्ष : उद्या येऊ का घरी? मावशींना मीच सगळं सांगतो. त्यांच्या पाया पडतो.

झुंबर : नको. तिला मी सांगणार आहे, रेस छान झाली. एक दिवस तरी तिला आनंदात राहू दे. तू कंपनीत भेट. काम असेल तर बोलू.

गोरक्ष : काम असेल तर?

झुंबर : हो.

देवराम : झुंबर, मी तुझ्या मागं बसून येऊ का?

झुंबर : नको. घाटात त्याला एकट्याला सोडू नको. त्याचं लक्ष नाहीये.

गोरक्ष : तू नेहमीसारखा मागे राहतोस ना? मी हळू चालवतो. आता आरशात बघत राहीन, नाशिक येईपर्यंत. नजर काढणार नाही.

झुंबर : मी पुढे जाणार आहे. तू मागून ये.

गोरक्ष : बरं. मग दिवा मी लावतो. तुला मी दिसत राहीन.

देवराम : आरे झुंबर, तुझ्या गाडीचा आरसा कुठंय? येताना पडला का काय वाटंत?

झुंबर : नाही. आत्ता काढला. पाना हातात होताच.