पडद्यावर ती धावते

(दुपारचा खेळ सुटला आहे. चित्रपटगृहाचा जिना. गर्दी पुढे निघून गेली आहे.)

ग्रंथपाल : तुम्ही व्हा पुढे. मला जिना उतरायला वेळ लागतो.

चष्मेवाला : लागू दे की. दुकान काही पळून जात नाही माझं. आणि मला त्या सिनेमावाल्यांशी भांडायचंय.

ग्रंथपाल : भांडायला आधी कादंबरी वाचावी लागते.

चष्मेवाला : वाचली. तुम्हीच हातात कोंबलीत ना, "ही वाचा, मग सिनेमा बघू, मग लग्नाचं उत्तर देईन" म्हणून. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला जांभया आल्या. नुसते चहा आणि गाठीभेटी. नंतर मात्र गिऱ्हाइकं ताटकळली.

ग्रंथपाल : मग खटकलं काय? नायक फारच देखणा घेतलाय?

चष्मेवाला : असू दे बापडा देखणा, त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. नको तिथे गाणं घातलं, तेही चाललं. पण शेवटी ती फलाटावर धावली कशी?

ग्रंथपाल : प्रेमात धावतात माणसं.

चष्मेवाला : ती नाही धावत. अख्ख्या पुस्तकात लंगडते ती. तो गाडी सोडून देतो आणि तिच्या चालीनं घरापर्यंत जातो. तिथेच तर मला चष्मा पुसावा लागला. यांनी तिचा पायच बरा करून टाकला.

ग्रंथपाल : धावताना छान दिसते की ती.

चष्मेवाला : दिसते. पण मग तो थांबला कशाला, तेच कळत नाही.

ग्रंथपाल : मला मागणी घालताना तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतं?

चष्मेवाला : "तुमचं लंगडणं मला दिसतच नाही." वाटलं, काय झकास बोललो. तुमचा चेहरा पडला. का पडला, ते काही केल्या डोक्यात शिरेना.

ग्रंथपाल : आता शिरलं?

चष्मेवाला : ती धावली तेव्हा. मीही तुमचा पाय असाच पुसून टाकला होता. चुकलंच माझं. मला दिसतं हो. जिन्यावर जास्त, थंडीत त्याहून जास्त. दुखतो का, एवढं मात्र कधी विचारलं नाही.

ग्रंथपाल : दुखतो. आत्ताही दुखतोय.

चष्मेवाला : मग रिक्षा बघू?

ग्रंथपाल : नको, घरापर्यंत चालू या. उजव्या हातात काठी असते माझ्या. तुम्ही डावीकडे या.