बंद मशीनचा शॉक

दि. ७ मे २०२४

मी, वर्षाली रत्नदीप पाटकर, वय ४४ वर्षे, धंदा शिक्षिका (भौतिकशास्त्र, कनिष्ठ महाविद्यालय), राहणार नीलपर्ण सोसायटी, चोळेगाव, ठाकुर्ली पूर्व, समक्ष विचारल्यावरून सांगते की, खात्री झाल्याशिवाय बोलायचे नव्हते म्हणून जबाबास उशीर झाला. त्याबद्दल दिलगीर आहे.

मनुबाई माझ्याकडे घरकाम करतात. २९ एप्रिलला सकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप चालू होता. त्यांनी माझ्या वॉशिंग मशीनला हात लावला आणि त्या फेकल्या गेल्या. तळहात भाजला, खांद्याचे हाड मोडले. मशीनचे बटण बंद होते. मी स्वतः पाहिले.

सेक्रेटरी सिद्धेश राणे यांनी "ओल्या हाताने मशीन धरली, बाईची चूक" असे लिहून दिले आहे. ते मला मान्य नाही.

हवालदार साहेबांनी विचारले, "बंद मशीन शॉक देते, मॅडम? मग आमची बंद जीपपण पळायला पाहिजे!" हा प्रश्न लिहून घ्यावा. मलाही आधी तोच पडला होता.

बटणाने अर्थिंगची तार तुटत नाही. ती सगळ्या घरांची आणि पंपाची एकच आहे. पंपाच्या मोटरमधली वीज मोटरच्या लोखंडी बॉडीत आणि तिथून या तारेत उतरली होती. अर्थिंग चांगले असते तर भरपूर करंट जमिनीत जाऊन फ्यूज लगेच उडाला असता. पण ही तार जिथे जमिनीत पुरलेली असते तो अर्थिंगचा खड्डा कोरडा होता. करंट जेमतेम गेला, फ्यूज टिकला, आणि व्होल्टेज त्या तारेवर चढून माझ्या मशीनच्या पत्र्यापर्यंत आले. मी मीटर लावला. पंप चालू असताना पत्रा आणि लादी यांत एकशे चाळीस व्होल्ट. पंप बंद केल्यावर शून्य. मशीन माझी आहे, म्हणून माझे मोजमाप दुसऱ्याकडूनही तपासून घ्यावे.

त्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओततात. पार्किंगसाठी पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा त्याचे झाकण ब्लॉकखाली गेले आणि पाणी ओतणे थांबले. पंप मी बंद करवला आहे. टँकर येतो. शेजारी बोलत नाहीत.

रुग्णालयात मनुबाई म्हणाल्या, "ताई, माझेच हात ओले व्हते, तसंच लिवा. नायतर बाकीची घरं सुटतील." मी म्हणाले, "मनुबाई, कपडे धुणाऱ्या बाईचे हात ओलेच असणार."

जबाब मला वाचून दाखवला. माझ्या म्हणण्यात "ओल्या हाताने" हे शब्द आले होते, ते खोडायला लावले. आता तो मी सांगितल्याप्रमाणे आहे.

उद्या: पंचांसमोर ब्लॉक उचलताना हजर राहणे.