परत घेतलेला आहेर

मी मूळची अमरावतीची, बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, लहानसंच, एक बाकडं आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता, आणि शाळेतून आली की मी त्या बाकड्यावर बसून येणाऱ्या माणसांकडे पाहत राहायची, कोण मान वाकडी करतं, कोण डोळे बारीक करतं. बाबा म्हणायचे, मंदा, माणूस तोंडानं खोटं बोलेल, पण त्याची मान खोटं बोलत नाही. मग लग्न झालं, आमचे हे पुण्यात कंपनीत होते, तिथून इकडे नॉर्थ कॅरोलायनाला आले, मॉरिसव्हिलला, त्यांच्या मागं मी. मृणाल इथंच झाली. ती शाळेत जायला लागली तशी मी पण एका चष्म्याच्या दुकानात लागली, फ्रेम बसवायच्या, काचा पाहायच्या, आजही तेच करून राहिली. देश बदलला, बाकडं काही सुटलं नाही.

आता तुम्ही व्याह्यांचं विचारलं. मृणालनं डॅनी पसंत केला, चांगला मुलगा, पण घरी आली आणि म्हणाली, आई, एक सांगू का, त्याचे डॅड हरणाची शिकार करतात. आमचे हे चहाचा कप हातात घेऊन तसेच बसले. ती म्हणाली, बाबा, दे ईट इट, खाण्यासाठीच मारतात, वर्षाला एक हरीण, फ्रीजरमध्ये ठेवतात, हिवाळाभर तेच खातात. व्याह्यांचं नाव वॉल्टर, ट्रकचे मेकॅनिक होते, आता रिटायर, गावाबाहेर राहतात. मी त्यांना वॉल्टरभाऊ म्हणते, त्यांना ते आवडतं. विहीणबाई लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. त्या पण शिकारीला जायच्या, त्यांची एक हलकी रायफल होती, लहान चणीच्या बाईला पेलेल अशी, आणि त्या गेल्यावर वॉल्टरभाऊंनी आपली जड रायफल पेटीत टाकली आणि बायकोचीच घेऊन जायला लागले. खांदा दुखतो म्हणायचे. खांदा दुखतच होता, पण कारण ते नव्हतं, हे कळायला काही शिकावं लागत नाही.

लग्न ठरलं तसा आमच्यात मानपानाचा प्रश्न आला, व्याह्यांना आहेर काय करायचा. त्यांना धोतरजोडी देऊन काय करता बाप्पा? ह्यांनी डॅनीला विचारलं, तो म्हणाला, डॅडच्या रायफलचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, जुना झालाय, धुकं धरतो. झालं, आमचे हे कॉम्प्युटरवर बसले, रोज रात्री जेवण झालं की रिव्ह्यू वाचून राहिले, ज्या माणसानं आयुष्यात झुरळ मारलं नाही तो. आणि आपल्या लोकांची खोड तुम्हाला माहीत आहे, पोराला शर्ट घ्यायचा तर वाढत्या अंगाचा, पातेलं घ्यायचं तर पाहुणे येतील त्या मापाचं. तसा ह्यांनी वाढत्या मापाचा स्कोप घेतला. हा एवढा लांब, लांबचं खूप मोठं दाखवणारा, आणि आत नेम धरायची जी फुली असते तिच्यावर पट्टीसारख्या रेघा, ठिपके, आकडे. सेलमध्ये मिळाला, हे खूश, म्हणे एवढ्या कमी पैशात एवढ्या रेघा. मांडवात टिळा लावून, नारळासोबत दिला. वॉल्टरभाऊंनी दोन्ही हातांनी घेतला, मृणालला विचारलं याचा अर्थ काय, तिनं सांगितलं, हा मान असतो, हा परत करत नाहीत.

थंडी सुरू झाली तसं त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. टेबलावर रायफल, रिकामी होती, आणि तिच्यावर आमचा तो स्कोप, किडकिडीत पोरीच्या डोक्यावर हंडा द्यावा तसा. वॉल्टरभाऊ माझ्याशी बोलून राहिले होते आणि पाहून राहिले होते माझ्या कानाकडे. मान जराशी तिरपी. मला बाबा आठवले.

भांडी घासताना विचारलं. म्हणाले, उजव्या डोळ्याच्या मधोमध पुसल्यासारखं झालंय, डॉक्टरनं सांगितलं हळूहळू वाढेल, बरं होणार नाही. डॅनीला बोललो नाही. तिच्या रायफलनं शिकारीचा एक सीझन अजून करावा म्हणतो, पण तुमच्या स्कोपमध्ये इतक्या बारीक रेघा, एकही नजरेत थांबत नाही. आजवर माझ्या हातून जखमी होऊन एकही हरीण रानात गेलं नाही, नीट दिसलं नाही तर मी गोळी झाडणार नाही. मी म्हटलं, अहो मग काढून ठेवायचा ना तो. तर म्हणाले, मंदा, तो आहेर आहे.

काय सांगू तुम्हाला, मला रडायला आलं. गाडीत ह्यांना सांगितलं तर हे चिडले, दिलेला आहेर परत घेतात का कुठं, अपशकुन असतो, लोक काय म्हणतील. मी म्हटलं कोणते लोक, इथं कोण बसलंय आपलं म्हणायला? आपण मान दिला, आणि त्या मानापायी त्या माणसाच्या हातून एखादं मुकं जनावर अर्धमेलं होऊन रानात गेलं तर त्याचं पाप कोणाला लागेल? सकाळी ह्यांनी स्वतःच माळ्यावरून स्कोपचं रिकामं खोकं काढून दिलं.

मी गेली आणि आहेर परत घेतला. माझ्या माहेरात सासरात कोणी केलं नसेल असं काम. त्याची जागा रिकामी नको म्हणून त्यांच्या टेबलावर नारळ ठेवला.

मग त्यांना घेऊन शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेली, मुद्दाम संध्याकाळी. दुकानाच्या लाइटमध्ये सगळ्याच काचा चांगल्या दिसतात, हे मला कोणी सांगायला नको. दुकानदार भला होता, त्यानं चार-पाच स्कोप मागच्या दारी आणून दिले, तिथं पाइनची झाडी, अंधारत आलेलं. महाग नको म्हणून वॉल्टरभाऊंनी आधीच बजावलं, पैसे त्यांचेच. एकेक डोळ्याला लावून खोडाकडे पाहून राहिले. एक सगळ्यात लहान होता, हलका, फार मोठं न दाखवणारा. दुकानदार म्हणाला, हलकी रायफल झटका मोठा देते, डोळा मागं राहायला पाहिजे, नाहीतर स्कोप कपाळावर आदळतो, ह्याच्यात डोळा मागं राहतो. आणि आत एकच साधी फुली, चारही बाजूंनी जाड दांडे येतात आणि अगदी मध्यावर तेवढे बारीक होतात. वॉल्टरभाऊंनी तो किती वेळ खाली घेतलाच नाही. मग म्हणाले, मधलं मला दिसत नाही, पण हे चार दांडे मला तिथपर्यंत हात धरून नेतात.

त्या सीझनला त्यांनी मला सोबत नेलं. मचाणावर कुडकुडत बसलो, उजाडलं, हरीण आलं, त्यांनी एकच गोळी झाडली आणि ते उभं होतं तिथंच पडलं. पाय पण झाडला नाही. त्यांनी टोपी काढली, मी हात जोडले. वाईट वाटलं, खोटं कायले बोलू, पण सुटल्यासारखंही वाटलं.

यंदा पुन्हा बोलावलं, मला आणि मृणालला. हरीण आलं, चांगलं समोर उभं राहिलं. वॉल्टरभाऊ पाहत राहिले, पाहत राहिले, आणि रायफल खाली घेतली. म्हणाले, दांडे दिसतात, पण ते जिथं भेटतात तिथं आता काही नाही. गोळ्या काढल्या आणि रायफल मृणालच्या हातात दिली, म्हणाले, ही तुझ्या सासूची, स्कोप तुझ्या डोळ्याला जमेल तो तू बघून घे.

त्यांच्या घरी आल्यावर त्यांनी रायफलवरचा स्कोप काढला, स्वच्छ पुसला, विहीणबाईंच्या टॉवेलात गुंडाळला आणि वर नारळ ठेवला. तो नारळ मॉरिसव्हिलच्या इंडियन दुकानात जाऊन आणून ठेवला होता, म्हणजे ह्या माणसानं आधीच ठरवलं होतं. दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. म्हणाले, मंदा, हा माझा आहेर. हा परत करत नाहीत.

स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय मी तो. आमच्या मागच्या झाडीत संध्याकाळी हरणं येतात, कधी दोन, कधी पिल्लू सोबत. मी डोळ्याला लावते आणि वॉल्टरभाऊंना फोन करते, आज कोण आलं, काय खाऊन राहिलं, सगळं सांगते. ते ऐकतात. मग रोज तेच विचारतात, नीट दिसून राहिलं का मंदा? मी म्हणते, हो भाऊ, नीट दिसून राहिलं. देव त्यांना सुखात ठेवो, दुसरं काय मागू.