रिकाम्या डब्याची सुटका

अंतराळयानाच्या चाचणीत सगळे वाचले. तसं पाहिलं तर आत कुणी नव्हतंच, त्यामुळं कुणी वाचलं असं काही झालंच नाही. नांदेडच्या बसस्थानकात हवाई दलातली ज्योत्स्ना आईला मोबाइलवर हे दाखवत होती. मी मागच्या बाकावर होतो.

"खालचं रॉकेट बिघडलं समज, माय. मग वरची छोटी रॉकेटं पेटतेत अन् माणसांचा डबा उपसून नेतेत."

"अगं बाई! मांजरीनं पिल्लू उचलल्यावानी!"

"मग छत्र्या उघडतेत. डबा समुद्रात अलगद."

"आत कोण होतं?"

"कुणीच न्हाई."

"रिकाम्या डब्याला एवढं जपलं?"

"उद्या माणसं बसतील म्हणून. निवड झाली तर मी बी."

"परत दाखव."

लातूरची गाडी लागली. खिडकीतून रुमाल टाकायलाही दोघी उठल्या नाहीत. मीही नाही.

"तुला न्हाऊ घालायच्या आधी पाण्यात मी माझं कोपर घालायची, ज्योत्स्ना."

"बरं मग?"

"सायबाला लिही. सरजाबाई, राहणार उमरी, यांस पुढील चाचणीत रिकाम्या डब्यात बसविण्यात यावे. त्यानंतरच मुलीस न्यावे, ही नम्र विनंती."